मागाच्या खोलीतला डग्गा

चौथ्या खेपेला निघताना राजेश्वरीने वहीत नवं पान काढलं आणि वर तारीख घातली. मागच्या तीन खेपांत सहा पानं भरली होती. तीन जोड्या स्पीकर, त्यांचे तीन आलेख, तीन रंगांत काढून चिकटवलेले.

"आज ठरणार का?" नवऱ्याने, इंद्रजितने, पोह्यांची बशी तिच्यापुढे सरकवत विचारलं. "का दुकानदाराची अजून एक चाचणी परीक्षा?"

"आज ठरणार. पहिल्या आणि तिसऱ्या जोडीत अर्ध्या डेसिबलचा फरक आहे. तेवढाच सोडवायचा राहिलाय."

"अर्धा डेसिबल म्हणजे किती?"

"तुम्हाला कळणार नाही इतका."

"मग सोड की तो."

"मला कळतो," राजेश्वरी म्हणाली आणि पोहे संपवून हात धुवायला उठली.

तीस वर्षं ती माधवनगरहून सांगलीला जाऊन ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होती. या तीस वर्षांत गाणं ऐकलं ते स्वयंपाकघराच्या फळीवरच्या रेडिओवर, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात. त्या रेडिओतून तबला यायचा, पण डग्गा कधी आला नाही. डग्ग्याची ती खालची घुमारेदार 'घे' ती स्वतःच मनात भरून घ्यायची. निवृत्त झाली त्या दिवशी तिने ठरवलं, आता मनाने भरायचं नाही. घराच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. हे घर ज्यांच्याकडून घेतलं त्यांचे चार यंत्रमाग तिथे चालायचे. माग कधीच भंगारात गेले, पण घरात अजून तिला 'मागाची खोली'च म्हणत. त्या खोलीत दोन उंच, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर, एक खुर्ची आणि दार लावून बसलेली आपण, एवढंच चित्र गेले सहा महिने तिच्या डोळ्यांपुढे होतं.

त्या दिवशी सासऱ्यांना, तात्यांना, सांगलीत डोळे दाखवायचे होते, म्हणून तेही बरोबर आले. तात्या चौऱ्याऐंशी वर्षांचे, मूळचे वडूजचे. सगळी हयात खिलार बैलांत गेली. सासूबाई गेल्यावर ते मुलाकडे माधवनगरला राहायला आले. डाव्या कानाने त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं आणि उजव्याने मोठ्याने बोललं तर. डोळे मात्र मोतीबिंदू काढल्यापासून लख्ख होते. दूध घालायला येणाऱ्याच्या चपलेचा अंगठा तुटलाय, हे ते ओट्यावरून सांगत.

दुकान पहिल्या मजल्यावर होतं. दुकानदार पृथ्वीराज पस्तिशीचा, आटपाडीकडचा. राजेश्वरी आली की तो उठून आधी एसी बंद करायचा, कारण पहिल्याच खेपेला तिने त्याच्या एसीची घरघर मोजून त्याला आकडा दाखवला होता.

"आमचे सासरे," राजेश्वरी म्हणाली. "ते बसतील इथे."

पण तात्या बसले नाहीत. तीन जोड्या ओळीने उभ्या दिसल्यावर त्यांचे पाय आपोआप तिकडे वळले. पहिल्या जोडीला त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केलं.

"पोट मोठं हाय. छाती न्हाई."

दुसऱ्या जोडीपुढे ते वाकले. "ह्येचं पाय बघ. ह्यो उभा ऱ्हाईल व्हय?"

तिसऱ्या जोडीला त्यांनी दोनदा प्रदक्षिणा घातली. मग वरपासून खालपर्यंत तळवा फिरवला, सावकाश, पाठीवरून फिरवावा तसा. एकाला किंचित हलवून पाहिलं. तो हलला नाही.

"ह्यो जोड घ्यायचा," तात्यांनी निकाल दिला.

"तात्या, तुम्ही आवाज ऐकलेलाच नाही," राजेश्वरी त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाली.

"हंबरडा ऐकून कोन बैल घेतंय?"

पृथ्वीराज हसला. "आजोबांनी बरोबर पारखलं बघा. ह्या दोघांच्या अंगावरचं लाकूड एकाच खोडाचं असतंय. रेषेला रेषा जुळवून लावत्यात."

"म्हंजी सख्खं भाऊ," तात्या म्हणाले.

राजेश्वरीच्या आलेखात तिसरी जोडी अर्ध्या डेसिबलने मागे होती. तिने पुन्हा एकदा ती वाजवायला सांगितली आणि या खेपेला वही न उघडता डोळे मिटून बसली. विलंबित ठेका सुरू झाला. तिसऱ्याच मात्रेला डग्गा आला. तो कानात आला की पोटात, हे तिला सांगता आलं नसतं. हातावरचे केस उभे राहिले होते आणि त्यांचं मोजमाप कुठल्या एककात करायचं हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

"हीच," ती म्हणाली. तिचा आवाज थोडा वर गेला होता.

"तू सरक जरा बाजूला," तात्या म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि पृथ्वीराजच्या उजव्या हातावर टाकून आपला हात त्याखाली घातला.

"आजोबा, ह्याच्यावर किंमत छापलेली असती," पृथ्वीराज म्हणाला. पण हात त्याने काढला नाही. त्याचे आजोबा हेडी होते, जनावरांचे व्यापारी, आणि तसं त्याने तात्यांना सांगितलंही. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून ठरणारे भाव त्याने लहानपणी पाहिले होते. आता तात्या वरच्या ट्यूबलाइटकडे आणि पृथ्वीराज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे अशा तऱ्हेने बघत होते, जणू दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. टॉवेलखाली मात्र उंदीर सापडल्यासारखी हालचाल चालली होती.

"एका बोटाला किती धरताय?" पृथ्वीराजने ओठ न हलवता, पण तात्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं.

"हेड्याचा नातू न्हवं तू?"

आणखी दोन मिनिटं टॉवेल हलला. मग तात्यांनी हात काढून घेतला. "झाला येवहार. आकडा कुनाला सांगायचा न्हाई, अशी रीत हाय."

"तात्या, पैसे मी देणार आहे."

"मंग तुला येकटीला सांगतो," असं म्हणून तात्यांनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि आकडा सांगितला. कमी ऐकू येणाऱ्या माणसाची कुजबुज होती ती. खालच्या चहावाल्याने वर बघितलं.

पृथ्वीराजने अट समजावून सांगितली. सात दिवस घरी वाजवून बघायचं. आठव्या दिवशी अकरा वाजता दुकानाचा सिद्धू टेम्पो घेऊन येईल. नको असेल तर जोडी घेऊन जाईल. ठेवली तर मग ठेवलीच. "आणि खरं सांगतो मॅडम, साताऱ्याचे एक डॉक्टर ह्याच जोडीसाठी थांबलेत. ही गेली की पुढची यायला सहा महिने."

"परत बिरत काय न्हाई," तात्या मध्येच म्हणाले. एवढं मात्र त्यांना ऐकू आलं होतं. "माझ्या दावनीचा जोड आजपतूर परत गेल्याला न्हाई. सबूद हाय माझा."

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला. सिद्धू चाळिशीचा, दंडाने भक्कम. खोकी मागाच्या खोलीत नेऊन ठेवल्यावर त्याने कपाळ पुसलं. "मॅडम, वळखलं का? अकरावी ब."

"रोल नंबर?"

"अठ्ठेचाळीस."

"हो, आठवलं. शेवटचा बाक."

सिद्धूला फार बरं वाटलं. "जोडून देऊ?"

"मी जोडते."

"न्हाई, दुकानाचं कामच हाय ते."

"सिद्धू, मी जोडते," राजेश्वरी म्हणाली आणि सिद्धूने पेचकस खाली ठेवला, प्रॅक्टिकलची वेळ संपल्यावर ठेवावा तसा.

तिने टेप लावून खडूच्या खुणा आधीच करून ठेवल्या होत्या. दाराकडून सव्वा मीटर आत दोन्ही स्पीकर, दाराकडे पाठ करून. त्यांच्यामधल्या टेबलावर अँप्लिफायर. समोर तीन मीटरवर खुर्ची. आत येणाऱ्याला आधी स्पीकरच्या पाठी दिसणार होत्या, पण आत येणार कोण, ती एकटी. तिने वायर लावल्या. लाल लालमध्ये, काळी काळ्यात. प्रत्येक वायर ओढून बघितली. वहीत लिहिलं, 'जोडणी तपासली', पुढे बरोबरची खूण आणि वेळ, चार वाजून दहा मिनिटं.

मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला फार घाई झालीय. अशा घाईत तिने कधी कुठलं उपकरण सुरू केलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि इंद्रजितसमोर बसून सावकाश एक कप चहा प्यायली. तात्या तोवर खोलीतच थांबले होते, जोडीपाशी.

चार पस्तीसला ती खुर्चीत बसली आणि तोच ठेका लावला.

तबला खणखणीत वाजला. गाणाऱ्या बाईंचा आवाज समोरून येण्याऐवजी चहूकडून आला, रिकाम्या टाकीत उतरून गात असल्यासारखा. आणि डग्गा आलाच नाही. तबलजीचा एक हात कुणी मागे बांधून ठेवल्यासारखं वाटत होतं.

इंद्रजित दारातून डोकावला. "दुकानात ऐकलेला हाच का?"

"खोलीचा प्रश्न आहे," राजेश्वरी म्हणाली. "लाटा भिंतीवर आपटून परत येतात. काही जागी एकमेकींना मारून टाकतात. मी नेमकी तशाच जागी बसलेय."

शास्त्र बरोबर होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तिने जागा बदलली. खुर्ची एक फूट मागे, मग दोन फूट मागे, मग भिंतीला टेकून. संध्याकाळपर्यंत खुर्ची अकरा ठिकाणी बसून झाली आणि फरशीवर अकरा खडूच्या फुल्या झाल्या. डग्गा एकाही फुलीवर सापडला नाही. वायर उलटी लागली तर नेमकं असंच होतं, हा विचार तिला त्याच दिवशी आला होता. तिने वही उघडली. खूण होती, तिच्या हातची, वेळेसकट. एकदा खूण झालेली गोष्ट पुन्हा तपासायची वेळ तिच्यावर तीस वर्षांत आली नव्हती. तिने वही मिटली आणि भिंतींकडे मोर्चा वळवला.

"भिंती फार कडक आहेत," तिने रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं. "काहीतरी जाड, खरखरीत, लोकरीचं टांगायला हवं."

"घोंगडी," तात्या म्हणाले, कारण हे त्यांच्या उजव्या बाजूने सांगितलं गेलं होतं. "बिरदेवाला फोन लाव."

बिरदेव, तात्यांच्या जुन्या ओळखीतला घोंगडीवाला, आटपाडीहून मोटारसायकलवर नऊ घोंगडी घेऊन आला. नवीकोरी, चिंचोक्याची खळ दिलेली, पापडासारखी ताठ. राजेश्वरीने ती भिंतीला कुठे कुठे लावायची याचा नकाशा त्याच्यापुढे धरला. बिरदेवने नकाशा पाहिला, भिंत पाहिली आणि तात्यांकडे पाहिलं.

"भिताडाला पांघरून घालायचं? आन् मान्सं काय पांघरनार, चुना?"

"तू खिळं मार," तात्या म्हणाले. "शिकल्याली मान्सं हायती."

घोंगडी टांगून झाली. खोलीत शिरलं की कळप नुकताच चरायला गेलाय आणि आता परत येईल, असं वाटायचं. गाणाऱ्या बाई टाकीतून वर आल्या, पण अजून चहूकडूनच गात होत्या. डग्ग्याचा पत्ता नव्हता. इंद्रजितला मात्र खोलीत गेल्याबरोबर शिंका येऊ लागल्या. त्याने दाराबाहेरूनच चौकशी करायची पद्धत सुरू केली.

चौथ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या गव्हाच्या दोन पत्र्याच्या कोठ्या संशयाखाली आल्या. त्या थरथरून खालचे स्वर खातात, असं तिचं म्हणणं होतं. कोठ्या रिकाम्या केल्या, गहू चादरीवर पसरला, कोठ्या अंगणात गेल्या. पाचव्या दिवशी लोखंडी कपाट अंगणात गेलं. जाणारे-येणारे थांबून विचारू लागले, घर विकलं का. इंद्रजितने दोघांना नाही म्हणून सांगितलं आणि तिसऱ्याला, नुसता दमून, "बघू" म्हणाला.

दरम्यान राजेश्वरीने मोबाइलवरच्या मापकाने मोजणी केली, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, एका वेळी एकच स्पीकर चालू ठेवून. डाव्याचा आलेख सुंदर आला. उजव्याचाही तितकाच सुंदर. एकावर एक ठेवले तर एकच वाटावेत.

"दोघांत काही दोष नाही," तिने तात्यांना मोठ्याने सांगितलं.

"येकेकट्यात कसला दोष?" तात्या म्हणाले. "येकटा बैल कुनाचाबी नीट चालतो. खोड कळती ती जुपल्यावर."

सहाव्या दिवशी सकाळी गाणं चालू असताना इंद्रजितने स्वयंपाकघरातून हाक मारली. "अगं, आज आला की डग्गा."

"कुठे?"

"इथे. मिक्सरपाशी."

राजेश्वरी धावत गेली. खरंच होतं. मिक्सर आणि पिंप यांच्यामधल्या दोन फुटांत डग्गा पूर्ण, गोल, घुमत उभा होता. ती अर्धा फूट डावीकडे सरकली, तो पुसट झाला. परत आली, तो परत आला. तिने खडू आणून ओट्याखाली बारावी फुली मारली आणि त्या फुलीवर उभी राहून अख्खा विलंबित ऐकला.

"मग खुर्ची इथेच आणू का?" इंद्रजितने अगदी मनापासून विचारलं.

आणि हा पर्याय राजेश्वरीने खरोखरच पाच मिनिटं विचारात घेतला. टेप काढून मिक्सर कुठे हलवता येईल ते मोजलंदेखील. मग तिचं लक्ष वर गेलं. समोर फळी होती, फळीवर रेडिओ होता, आणि तीस वर्षं ती नेमकी याच जागी उभी राहिलेली होती. तिने टेप गुंडाळली आणि संध्याकाळपर्यंत इंद्रजितशी बोलली नाही.

सातव्या दिवशी जेवताना तिने सांगून टाकलं. "तात्या, जोडी उद्या परत द्यावी लागेल. ही खोली तिला मानवत नाही. साताऱ्याच्या डॉक्टरांकडे तरी ती नीट वाजेल."

तात्यांचा घास हातातच राहिला. "म्या सबूद दिलाय."

"तुमची पारख चुकलेली नाही. दोष खोलीचा आहे."

"लोक खोलीला इचारत न्हाईत, सूनबाई. लोक म्हनत्यात, तात्यानं जोड आनला आन् आठ दिसांत परत धाडला." त्यांनी घास ताटात ठेवला. "उद्यापतूर तरी ऱ्हाऊ दे दावनीला."

ताटात अर्धी भाकरी राहिली. तात्यांच्या ताटात भाकरी राहिलेली राजेश्वरीने लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली. त्या रात्री तिलाही घास गोड लागला नाही. स्वतःची निराशा तिला मोजता येत होती. तात्यांची मोजायला तिच्याकडे काही नव्हतं.

आठव्या दिवशी साडेनऊला ती आवराआवरीला लागली. परत द्यायची वस्तू जशी आली तशीच गेली पाहिजे. तिने दोन्ही स्पीकरच्या पुढच्या जाळ्या काढून पुसल्या. आत मोठ्या बशीएवढे काळे पडदे होते. पडद्यांना इजा झालेली नाही एवढं बघून तसं वहीत लिहायचं, म्हणून तिने एक अगदी संथ कंपन लावलं, सेकंदाला तीन-चार हेलकाव्यांचं. असलं कंपन कुणाच्याच कानाला ऐकू येत नाही. पडदे नुसते आतबाहेर होताना दिसतात. ती एकाजवळ वाकून कडा तपासू लागली.

तात्या समोर पाटावर बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. शेवटचं बघून घ्यावं तसे ते बघत होते. खोलीत पूर्ण शांतता होती, म्हणजे आज पहिल्यांदा तात्यांना आणि बाकीच्यांना सारखंच ऐकू येत होतं.

"सूनबाई."

"काय तात्या?"

"ह्येंचं पाय जुळंनात."

"कुणाचे?"

"ह्या दोघांचं. बघ की. ह्यो पुढं येतूय तवा त्यो मागं जातूय. ह्यो मागं, तवा त्यो पुढं." त्यांनी काठीने एकेकाकडे दाखवलं. "आसं जुपल्यावर गाडी कुटं जानार? जागच्या जागी ऱ्हानार."

राजेश्वरी मागे सरकली. एक-एक जवळून तपासताना जे दिसलं नव्हतं, ते तात्यांच्या शेजारी पाटापाशी बसल्यावर उघड दिसलं. डावा पडदा बाहेर, उजवा आत. उजवा बाहेर, डावा आत. एक हवा ढकलत होता आणि दुसरा तीच हवा ओढून घेत होता. सात दिवस दोघे मिळून इमानाने शून्य काम करत होते.

ती उठून स्पीकरच्या मागे गेली. दाराकडून बघताना उजव्याची लाल वायर उजवीकडच्या लाल स्क्रूत होती. डाव्याची लाल वायर डावीकडच्या स्क्रूत होती, आणि तो काळा होता. दारातून बघितलं तर दोन्ही लाल वायरी बाहेरच्या बाजूंना, दोन्ही काळ्या आतल्या बाजूंना, आरशात धरल्यासारख्या. गेले सात दिवस ती याच दारातून आत येत होती आणि किती नेटकं दिसतंय, असंच तिला वाटत होतं.

"इंद्रजित," तिने हाक मारली. नवऱ्याला ती नावाने हाक मारत नसे, त्यामुळे तो शिंका विसरून आत आला. "डाव्या वायरला तुम्ही हात लावलात?"

"मी या खोलीत श्वाससुद्धा घेत नाही."

"मग कुणी?"

दोघांनी एकदमच तात्यांकडे पाहिलं. तात्यांना ऐकू आलं नव्हतं, पण नजर कळली.

"ती व्हय? ती म्या लावली," ते प्रसन्नपणे म्हणाले. "तू च्या प्याया गेलतीस तवा. दोघांचंबी लाल उजव्याच अंगाला लावलंतंस. बेंदराच्या सणाला बैलांचा जोड सजीवताना शिंगाचं गोंडं कुटं सोडत्यात? भायरल्या अंगाला. आत सोडलं तर येकमेकांत गुतत्यात. आन् दारातनं शिरल्या शिरल्या पाठच दिसती. कोन आलं गेलं तर काय म्हनंल, कुनी सजीवलाय जोड?"

तात्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, एकदा हलणाऱ्या पडद्यांकडे. त्यांचे हात काठीवर जरा घट्ट झाले.

"त्येच्यानं पाय चुकलं का काय?"

राजेश्वरीला खोटं बोलता येत नसे. तिने हळूच मान हलवली.

"आरं तिच्या," तात्या म्हणाले. मग खालच्या आवाजात, म्हणजे इतरांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणाले, "मंग फिरीव ती. शोभा गेली तर गेली."

राजेश्वरी वाकली. स्क्रूला हात लावला. आणि थांबली. मग ती सरळ उभी राहिली, वायर जिथे होती तिथेच ठेवून अँप्लिफायरकडे गेली आणि तिथे डाव्या स्पीकरच्या वायरची दोन टोकं काढली. लाल वायर काळ्या स्क्रूत घातली, काळी लालमध्ये. असं करताना तिच्या चेहऱ्यावर थोडी वेदना दिसली, पण ती क्षणभरच.

तिने संथ कंपन पुन्हा लावलं. दोन्ही पडदे एकदम पुढे आले. एकदम मागे गेले.

"जुळलं," तात्या म्हणाले.

"तुमचे गोंडे बाहेरच आहेत, तात्या. हात लावायचं काम नाही."

मग तिने ठेका लावला. ती खुर्चीपर्यंत पोचायच्या आत डग्गा आला. तो आला तो फरशीतूनच आला, पायांच्या तळव्यांतून वर चढला आणि छातीत येऊन बसला. गाणाऱ्या बाई इतके दिवस घरभर हिंडत होत्या, त्या दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध येऊन मांडी घालून बसल्या. नऊ घोंगडी भिंतीवर निमूट ऐकत होती. स्वयंपाकघरात फळीवरचे डबे वाजू लागले, आणि ते बघायला गेलेला इंद्रजित तिकडूनच ओरडला की सगळे हलतायत, कुणाला धरू.

तात्या उठले होते. त्यांनी उजव्या स्पीकरच्या अंगावर तळवा टेकला होता आणि प्रत्येक 'घे'ला त्यांची मान, ऐकू येणाऱ्या माणसासारखी, हलत होती.

राजेश्वरी खुर्चीत बसलीच नाही. ती खोलीच्या मधोमध उभी राहून, दोन्ही हातांनी पदराचं टोक धरून, लहान मुलीसारखी हसत होती.

अकराला दोन मिनिटं कमी असताना सिद्धू आला. दारातच थबकला. "च्यायला," तो म्हणाला आणि जीभ चावली. "म्हंजे, लय भारी वाजतंय, मॅडम. ठेवनार वाटतं."

"ठेवणार."

"बरं झालं. एकदा नजर टाकतो फक्त, दुकानाला सांगाय लागतंय." तो अँप्लिफायरच्या मागे वाकला आणि वाकलेलाच राहिला. "मॅडम."

"काय?"

"डावीकडची वायर उलटी लागलीया."

"माहीत आहे मला."

"लाल काळ्यात हाय."

"दुसऱ्या टोकालाही लाल काळ्यातच आहे. दोन्हीकडे उलटी म्हणजे सरळच झाली. परिणामात काही फरक पडत नाही."

सिद्धू सावकाश उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर बावीस-तेवीस वर्षांपूर्वीचं काहीतरी उमटलं होतं. "मॅडम, राग मानू नका. अकरावीच्या प्रॅक्टिकलला मी सेलकडं आन् मीटरकडं, दोन्हीकडं अशीच उलटी लावली होती. काटा बरोबर फिरला. मी तुम्हाला हेच बोललो, फरक पडत न्हाई. तुम्ही माझा एक मार्क कापला."

राजेश्वरीने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. गाणाऱ्या बाईंनी तेवढ्यात एक मोठी तान घेतली आणि समेवर आल्या, तेव्हा तिने चष्मा परत लावला.

"सिद्धू," ती शेवटी म्हणाली, "त्या खुर्चीत बस."

"मी?"

"हो. तूच. मीही अजून बसलेली नाही. पहिला मान तुझा."

सिद्धूने हात पँटला पुसले आणि खोलीतल्या त्या एकमेव खुर्चीत अवघडून बसला. राजेश्वरी मागे भिंतीला, घोंगड्याला टेकून उभी राहिली. तात्यांनी स्पीकरवरचा हात न काढता वळून पाहिलं. टेम्पो घेऊन आलेला एक भक्कम माणूस आपल्या जोडीसमोर ठाण मांडून बसलेला आणि तिच्यावरची नजर न हलवणारा त्यांना दिसला. ते सुनेकडे झुकले आणि रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात कुजबुजले,

"त्येला सांग, सूनबाई, किती बी बोटं दाबलास तरी जोड इकायचा न्हाई."